देशी गोवंशाचे उत्पादक आयुष्य
धाराशिव जिल्ह्यातील देवणी व खिल्लार गुरांच्या संदर्भात

बालाघाटच्या डोंगररांगांनी दुभागलेला धाराशिव जिल्हा हा पशुधनाच्या दृष्टीने दोन प्रदेशांच्या सीमेवर वसलेला आहे. पूर्वेकडील उमरगा, लोहारा व तुळजापूर या तालुक्यांत काळ्या-पांढऱ्या रंगाची, रुंद व पुढे आलेल्या कपाळाची, लोंबत्या कानांची देवणी गुरे आढळतात. तर पश्चिमेस परंडा व भूमकडे, बार्शी-करमाळ्याच्या बाजूला सरकावे तसतशी लांब शिंगांची, सडपातळ व चपळ अशी खिल्लारी वळणाची जनावरे दिसू लागतात. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा स्वतंत्र झाला. तोपर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हा देवणी व लाल कंधारी गुरांचा मोठा टापू उस्मानाबाद जिल्ह्यातच मोडत होता. ज्या देवणी गावावरून या जातीला नाव मिळाले, ते गावही त्यावेळी याच जिल्ह्यात होते. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. तथापि, जिल्ह्याच्या जुन्या नावाने देशभर ओळखली जाणारी एक पशुजात अद्याप त्याच नावाने नांदते आहे. ती म्हणजे उस्मानाबादी शेळी. तिच्या रक्षणासाठी कोणास फारशी मोहीम काढावी लागली नाही. ती वर्षा-दीड वर्षात विते, बहुधा जुळी करडे देते आणि बाजारात तिला रोख गिऱ्हाईक असते. गाईचा हिशेब इतका सरळ नाही. तिच्या आयुष्याची पहिली तीन-चार वर्षे केवळ पोसण्यात जातात, मधली आठ-दहा वर्षे ती देते आणि शेवटची काही वर्षे पुन्हा पोसावी लागते. देशी गोवंशाच्या जतनाचा प्रश्न या तीन टप्प्यांच्या जमाखर्चात अडकलेला आहे.

देवणी, खिल्लार आणि लाल कंधारी

देवणी ही दुहेरी उपयोगाची जात होय. गाय बऱ्यापैकी दूध देते आणि तिचा गोऱ्हा भारी जमिनीत नांगराला चालतो. गीर, डांगी व स्थानिक गुरे यांच्या मिश्रणातून ही जात घडली असावी, असे पशुतज्ज्ञ मानतात. कपाळाची व कानांची ठेवण पाहिली म्हणजे गीरशी असलेले तिचे नाते सहज ध्यानात येते. रंगावरून तिचे तीन प्रकार शेतकरी पूर्वापार सांगत आले आहेत. पांढऱ्या अंगाचा व काळसर तोंडाचा तो वानेरा, पांढऱ्या अंगावर खालच्या बाजूस काळे ठिपके असलेला तो बालंक्या, आणि अंगभर काळे-पांढरे अनियमित पट्टे असलेला तो शेवेरा. एका वेतात सर्वसाधारणपणे ८०० ते १,२०० लिटर दूध ही देवणी गाय देते. खिल्लार गाय याच्या निम्मेही देत नाही. कारण शेकडो वर्षे तिची निवड दुधासाठी झालीच नाही, ती बैलासाठी झाली. लाल कंधारी ही नांदेड, लातूर व परभणीकडील गडद तांबड्या रंगाची जात ओढकामाला चिवट व अल्पखर्ची आहे. धाराशिव जिल्ह्यात ती तुलनेने कमी आढळते.

राज्यात या तीन जातींव्यतिरिक्त डांगी, गवळाऊ, कोकण कपिला आणि कठाणी या जातींचीही राष्ट्रीय पातळीवर नोंद झालेली आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेली व आता कर्नाल येथे असलेली राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्था ही नोंद करते. नोंद होणे म्हणजे जातीला ओळख मिळणे. तिचे रक्षण मात्र गोठ्यातच व्हावे लागते.

वय सांगणारे दात

उत्पादक आयुष्याचा विचार करावयाचा तर प्रथम वय अचूक समजले पाहिजे. जन्मनोंद नसलेल्या जनावराचे वय दातांवरून ठरविण्याची रीत खेड्यापाड्यांतून सर्वश्रुत आहे, आणि ती शास्त्रशुद्धही आहे. गुरांच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या जबड्यात आठ असतात. दुधाचे दात असेपर्यंत जनावर ‘आदत’. सुमारे दोन ते अडीच वर्षांचे झाले की मधली जोडी पडून कायमचे दात येतात, ते ‘दुसे’. त्यानंतर साधारण वर्षभराच्या आतबाहेर दुसरी जोडी येते, ते ‘चौसे’. मग सहा दाती आणि साडेचार-पाच वर्षांच्या सुमारास आठही दात पूर्ण होऊन जनावर ‘जुळते’. यापुढे दातांची संख्या काही सांगत नाही, झीज सांगते. दहाव्या-बाराव्या वर्षानंतर दात आखूड होतात, त्यांच्यात फटी पडतात आणि अखंड कडबा चावणे जनावराला जड जाते. अशा गाईपुढे पेंढी टाकली असता ती पाने ओरबाडते व धांडे सोडून देते. मालक म्हणतो, म्हातारी झाली, खात नाही. वस्तुतः तोच कडबा कुट्टी करून दिला तर ती आणखी दोन-तीन वेते देऊ शकते. बाजारात विक्रीस आलेल्या अनेक गाईंचे ‘म्हातारपण’ असे दातांपुरतेच असते, हे पशुवैद्यकांच्या नित्य अनुभवाचे आहे.

शिंगांवरील वलये मोजूनही गाईच्या वयाचा व वेतांचा अंदाज घेतला जातो. पण शिंगे घासून, तेल लावून गुळगुळीत केलेल्या बाजारी जनावराच्या बाबतीत या मोजणीवर विसंबणे धोक्याचे ठरते.

वेतांचा हिशेब

गाईचे उत्पादक आयुष्य म्हणजे पहिल्या वेतापासून अखेरच्या वेतातील दूध आटेपर्यंतचा काळ. देवणी कालवड साधारणपणे साडेतीन ते चार वर्षांची असताना प्रथम विते. सुस्थितीत ठेवलेली गाय दर १४-१५ महिन्यांनी वीत राहते आणि आठ, क्वचित दहा वेतेही देते. उदाहरणादाखल चौथ्या वर्षी व्यालेली व १४ वर्षांपर्यंत उत्पादक राहिलेली गाय घ्यावी. तिच्या हाती १० वर्षे म्हणजे १२० महिने आहेत. दोन वेतांतील अंतर १५ महिन्यांचे असेल तर ती या काळात नऊ वेळा विते. हेच अंतर २० महिन्यांवर गेले तर सात वेळा. कालवड एक वर्ष उशिरा व्याली तर आणखी एक वेत हातचे जाते. गाय तीच, वयही तेच. परंतु दोन ते तीन वासरे व त्यांच्यामागचे दूध केवळ विलंबामुळे कमी झाले.

संकरित गाईशी तुलना करताना प्रामाणिकपणा राखणे अगत्याचे आहे. देशी गाय आयुष्यभरात संकरित गाईपेक्षा अधिक दूध देते, असा दावा काही वेळा उत्साहाच्या भरात केला जातो. आकडे तसे सांगत नाहीत. देवणीची आठ वेते, प्रत्येकी ९०० लिटर धरल्यास आयुष्यभराचे दूध ७,२०० लिटर होते. संकरित गाय अडीच-तीन वर्षांची असताना विते आणि चार वेतांनंतर स्तनदाह, वंध्यत्व वा पायांच्या विकारामुळे दावणीवरून निघाली असे धरले, व प्रत्येक वेतास २,५०० लिटर मोजले, तरी ते १०,००० लिटर होते आणि तेही निम्म्या कालावधीत. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या संस्थेने व राज्याच्या पशुसंवर्धन विभागाने संकर पैदाशीचा जो प्रसार केला, त्यातून हजारो कुटुंबांना दर दहा दिवसांनी हाती पडणारा दुधाचा पैसा मिळाला, ही वस्तुस्थिती आहे. जिथे ओलिताचा चारा, पशुखाद्य व दूध संकलन केंद्र हाताशी आहे, तिथे शेतकरी देशी गाईकडे केवळ दुधासाठी वळेल, ही अपेक्षा व्यर्थ होय.

देशी गाईची बाजू अन्यत्र आहे. वर नमूद केलेले १०,००० लिटर मिळविण्यासाठी संकरित गाईला रोज खुराक, मुबलक पाणी व सावली द्यावी लागते; त्यात खंड पडला की दूध तर जातेच, पुढचे वेतही लांबते. देवणी गाय कडबा, बांधावरचे गवत व मूठभर सरकी यांवर टिकते. उन्हाळ्यात तिचे दूध कमी होते, पण ती माजावर येणे सहसा सोडत नाही. तिचे शेण दिवसाला दहा किलो धरले तरी वर्षाला साडेतीन टनांहून अधिक भरते. आणि तिचा गोऱ्हा वशिंड असलेला, जू पेलणारा असतो. अवर्षणप्रवण तालुक्यातील चार-पाच एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला या गोष्टींची किंमत आहे.

बैलाचे उणावलेले काम

या किमतीतील सर्वांत मोठा वाटा एके काळी बैलाचा होता. गोऱ्हा तीन वर्षांचा झाला की त्यास कामाला लावावयाचे, आणि १२-१३ वर्षांचा होईतो तो काम देत असे. दहा वर्षांचे हे काम देवणी व खिल्लार गाईच्या हिशेबात जमा धरले जाई. दुधाकडे शेतकरी दुय्यम म्हणून पाही. हाळी-हंडरगुळीचा गुरांचा बाजार, माळेगावची मार्गशीर्षातील खंडोबाची यात्रा, सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा या ठिकाणी भाव ठरत तो बैलजोडीचा. गाईचे मोल त्यावरून निघे.

ट्रॅक्टरने हे गणित मोडले, असे सर्वत्र म्हटले जाते. ते खरे आहे, पण अर्धे. धाराशिव-लातूर भागात त्याच्या जोडीने दुसरा बदल घडला. खरीप ज्वारीची जागा गेल्या दोन-तीन दशकांत सोयाबीनने घेतली. ज्वारीच्या एका पिकातून माणसाची भाकरी व जनावराचा कडबा दोन्ही निघत. सोयाबीनमधून पैसा निघतो, पण त्याचे भुसकट कडब्याची बरोबरी करू शकत नाही. रब्बीची ज्वारी अजून टिकून आहे. मात्र तिच्या काढणीला मजूर मिळत नसल्याने पेराही आकुंचन पावतो. जो कडबा पूर्वी घरचा होता तो विकत घ्यावा लागू लागला, तेव्हा काम न करणाऱ्या जनावराचा दिवसाचा खर्च प्रथमच रोखीने मोजला जाऊ लागला. देशी गुरांच्या संख्येवर याचा परिणाम होणे अपरिहार्य होते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील एकूण गोवंश १९ कोटी २५ लाखांच्या आसपास होता व त्यात किंचित वाढच झाली होती. परंतु देशी व गावठी गुरांची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे ६ टक्क्यांनी घटून १४ कोटी २१ लाखांवर आली, तर विदेशी व संकरित गुरे सुमारे २७ टक्क्यांनी वाढून ५ कोटींच्या वर गेली.

खिल्लारच्या बाबतीत एक वेगळा प्रवाह नोंदविण्याजोगा आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना मनाई केली. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींसह अनुमती दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. त्यानंतर वेगवान खोंडांना मोठी किंमत येऊ लागली. शर्यतीमुळे खिल्लार वाचेल असे मानणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की हा भाव मोजक्या नरांना मिळतो. ज्या गाईच्या पोटी ते जन्मतात तिच्या दावणीपर्यंत त्यातले फारच थोडे पोहोचते.

गाय वाचविणे आणि जात वाचविणे

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण शासकीय योजना राबविताना व ग्रामसभेत चर्चा होताना तो नेहमी पुसला जातो. एक गाय मरणापासून वाचविणे आणि एक जात नष्ट होण्यापासून वाचविणे ही दोन स्वतंत्र कार्ये आहेत. पहिल्याचा संबंध दयाबुद्धीशी व कायद्याशी येतो. दुसऱ्याचा संबंध येतो तो त्या गाईस कोणत्या वळूपासून किती वेळा गर्भधारणा झाली याच्याशी. एखाद्या गोशाळेत दोनशे गाई सुखाने नांदत असतील. पण त्या निरनिराळ्या वंशांच्या, वय झालेल्या व न फळणाऱ्या असतील, तर देवणी जातीच्या संख्येत त्यामुळे एकाचीही भर पडत नाही. उलट, एखाद्या शेतकऱ्याच्या दावणीची एकच जातिवंत देवणी गाय तिच्या हयातीत जातीला पुढे नेऊ शकते, वा तिच्यापाशीच ती खुंटवू शकते.

हे कसे, ते साध्या आकडेमोडीवरून दिसेल. आठ वेते देणाऱ्या गाईस सरासरीने चार कालवडी होतात. चारांपैकी एक दगावते किंवा फळत नाही, असे गृहीत धरू. ही आठही वेते शुद्ध देवणी वळूपासून झाली तर तिच्या मागे तीन गाई राहतात. चार वेते शुद्ध व चार संकराची झाली, तर शुद्ध कालवडी दोन. त्यातून सरासरीने दीड गाय उभी राहते. म्हणजे तिची जागा भरून थोडी निवडीला सवड उरते. परंतु केवळ दोन वेते शुद्ध झाली तर शुद्ध कालवड सरासरीने एक, आणि ती गाय होईलच याची शाश्वती पाऊण. येथून पुढे संख्या पिढीगणिक घटत जाते. या गाईला कोणी कापलेले नसते, विकलेले नसते, उपाशी ठेवलेले नसते. ती १४ वर्षे प्रेमाने सांभाळलेली असते. तरीही तिच्यापाशी जात एक पाऊल मागे आलेली असते.

या आकडेमोडीत उत्पादक आयुष्याचे खरे महत्त्व दडलेले आहे. गाय चारच वेते देऊन दावणीवरून निघणार असेल, तर निवडीची तेवढीच सवड ठेवून जात टिकविण्यासाठी तिची चारही वेते शुद्ध राखावी लागतील. दुधासाठी संकराचे एकही वेत घेण्याची मुभा मालकाला उरणार नाही. आठ वेते देणारी गाय मात्र मालकाला निम्मी वेते बाजाराच्या गरजेनुसार घेऊ देते आणि निम्म्यांत जातही राखते. पैदास धोरण कागदावर कितीही कडक असले तरी गरजवंत शेतकरी चारही वेते जातीसाठी राखील असे मानणे व्यवहाराला धरून होणार नाही. दीर्घ उत्पादक आयुष्य असलेली गाय त्याच्याकडून कमी त्यागाची मागणी करते. यास्तव गाईची वेते वाढविणे हे जतनाच्या कार्यातील पहिले काम ठरते.

वेते वाढतात कशी

यासाठी लागणाऱ्या गोष्टी महाग नाहीत. त्या वेळच्या वेळी कराव्या लागतात, एवढेच. कालवडीची वाढ पहिल्या दोन वर्षांत खुंटली तर ती पाचव्या वर्षापर्यंत वीत नाही. दूध न देणाऱ्या या जनावराकडे घरात सर्वांत कमी लक्ष असते आणि पुढचे सर्वाधिक नुकसान तिथेच होते. जंतनाशक औषध, क्षारमिश्रण आणि पावसाळ्यानंतरचा हिरवा चारा यांवर कालवडीचा पहिला हक्क मानला पाहिजे.

दुसरी गोष्ट माज ओळखण्याची. गाईचे ऋतुचक्र २१ दिवसांचे असते. देशी गाईचा माज अल्पकाळ टिकतो, पुष्कळदा रात्रीच्या वेळी येतो आणि हंबरणे वा उड्या मारणे ही लक्षणे तितकीशी दिसत नाहीत. त्याला ‘मुका माज’ म्हणतात. एक माज हुकला की तीन आठवडे गेले. असे चार-पाच हुकले की वर्षातील एक ऋतू वाया गेला. पूर्वी कळपात वळू असे, तो माज ओळखी. दावणीला एकटी बांधलेली गाय माणसानेच ओळखली पाहिजे. व्याल्यानंतर दोन ते तीन महिन्यांत गाय पुन्हा गाभण राहावी. तीन माज उलटूनही ती फळली नाही तर पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी करून घ्यावी. ‘वांझ’ असा शिक्का बसलेल्या गाईंपैकी अनेकींत केवळ क्षारांची कमतरता वा गर्भाशयाचा साधा दाह आढळतो.

तिसरी गोष्ट रोगप्रतिबंधाची. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाने राज्यातील गोठे हादरविले. गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले, सर्वत्र लसीकरण करण्यात आले आणि मृत जनावरांच्या मालकांना गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार व वासरामागे १६ हजार रुपये साहाय्य देण्यात आले. देशी गुरांना रोगच होत नाही ही समजूत त्या वर्षी अनेकांना सोडावी लागली. प्रतिकारशक्ती ही लसीला पर्याय नव्हे.

वळू कोठे आहे?

जातीच्या जतनाची चर्चा बहुधा गाईभोवती फिरते. वस्तुतः एक गाय आयुष्यात आठ-नऊ वासरे देते, तर एक वळू नैसर्गिक संयोगानेही वर्षाला पन्नासाहून अधिक. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना जातींना असलेला धोका ठरविताना नर व मादी दोहोंची संख्या स्वतंत्रपणे पाहते. पैदासक्षम माद्या एक हजारापर्यंत उरल्या, अथवा नर विसापर्यंत उरले, तरी ती जात धोक्यात असल्याचे मानले जाते. शंभर माद्या किंवा पाच नर ही मर्यादा तर अतिधोक्याची. गाई पुष्कळ दिसतात म्हणून जात सुरक्षित आहे, हा समज या निकषावर टिकत नाही.

जुन्या गावगाड्यात देवाच्या नावाने वळू सोडण्याची प्रथा होती. उत्तम गाईचा गोऱ्हा निवडून तो गावाच्या स्वाधीन केला जाई. तो कोणाच्याही रानात चरे आणि त्यास कोणी हुसकत नसे. प्रथेमागे श्रद्धा होती, पण निवडही होती. पुढे ‘देवाला सोडणे’ याचा अर्थ नको असलेला गोऱ्हा मोकाट करणे असा होऊ लागला. आज रस्त्यावर दिसणारे मोकाट नर बहुधा कोणत्याच जातीचे नसतात, आणि गाईंना ते फळवितात तेव्हा पैदास धोरणाची सारी मेहनत एका दिवसात पाण्यात जाते. जातिवंत वळू ठेवणे आणि अजातिवंत नरांचे वेळीच खच्चीकरण करून घेणे ही दोन्ही कामे एकत्रच करावयाची असतात. एक करून दुसरे न करणे म्हणजे हौद भरताना खालची तोटी उघडी ठेवणे होय.

ग्रामपंचायतीने वळू सांभाळावयाचे ठरविल्यास आणखी एक पथ्य आवश्यक आहे. वळूच्या स्वतःच्या कालवडी साधारण तीन वर्षांत माजावर येऊ लागतात. त्यामुळे तीन वर्षांनी तो शेजारच्या गावास देऊन तेथील वळू आणावा. उमरगा वा लोहारा तालुक्यातील चार-पाच गावांनी आपसांत अशी अदलाबदल ठरविली तर रक्तसंबंधातील पैदास टळते व नवा वळू विकत घेण्याचा खर्चही वाचतो.

कृत्रिम रेतनाने वळूची अडचण बऱ्याच अंशी दूर केली आहे. उणे १९६ अंश सेल्सिअस तपमानाच्या द्रवरूप नत्रात साठविलेली देवणी, लाल कंधारी व खिल्लारची रेतमात्रा वर्षानुवर्षे टिकते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गोकुळ मिशनमुळे देशी जातींच्या पैदाशीला निधीचे पाठबळ मिळाले. उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय देवणीच्या टापूतच आहे, ही या भागाची मोठी सोय होय. तथापि गाई माजावर आल्यावर ऐन वेळी जी मात्रा हाताशी असते तीच वापरली जाते, आणि ती बहुधा दुधाळ विदेशी जातीची असते. देवणी गाईसाठी देवणीची मात्रा हवी, ही मागणी मालकाने माज येण्याआधीच नोंदवावी लागते. ती कोणी नोंदवीत नाही म्हणून मात्रा आणली जात नाही, आणि आणली जात नाही म्हणून कोणी मागत नाही. हे चक्र तोडण्याचे काम पंचायत सदस्य करू शकतात.

भाकड वर्षांचा भार

उत्पादक आयुष्य संपल्यानंतरच्या वर्षांचे काय, हा प्रश्न टाळून चालणार नाही. राज्यघटनेच्या ४८ व्या अनुच्छेदात पशुसंवर्धन आधुनिक पद्धतीने करणे, जाती सुधारणे व गाय-वासरांच्या हत्येस मनाई करणे ही तत्त्वे एकत्रच नमूद आहेत. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या संदर्भात उपयुक्त वय हा निकष ग्राह्य धरला होता. २००५ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने तो मागे टाकला आणि शेणखतासाठी वृद्ध जनावराचीही उपयुक्तता असते असे मानले. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण अधिनियमाने गाईंच्या कत्तलीस बंदी घातली होती. २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने ती वळू व बैलांनाही लागू झाली. त्या तरतुदींच्या गुणदोषांत शिरण्याचे हे स्थान नव्हे. मात्र त्यांचा जमाखर्चावर झालेला परिणाम पाहणे भाग आहे. म्हातारे जनावर विकून नव्या जनावरासाठी थोडी रक्कम उभी करण्याची वाट बंद झाली आणि शेवटच्या चार-पाच वर्षांचा चारा मालकाच्या वा समाजाच्या अंगावर आला.

हा भार काही प्रमाणात शासनाने उचलला आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले आणि गोसेवा आयोगाकडे नोंदणीकृत गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन प्रतिपशु ५० रुपये अनुदान जाहीर केले. अनुदान गोशाळेतील गाईस आहे. शेतकऱ्याच्या दावणीवरील गाईचा भार तोच वाहतो; आणि देवणीची पैदास बहुतांशी दावणीवरच होते. ग्रामपंचायतीच्या ताब्यातील गायरान या ठिकाणी उपयोगी पडू शकते. गायरानावर अतिक्रमण झालेले नसेल तेथे गवताची लागवड करून भाकड जनावरांना पावसाळ्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत चरू दिले, तरी मालकाचा वर्षाचा निम्मा खर्च कमी होतो.

दुष्काळात या भाराची कसोटी लागते. २०१२-१३ मध्ये, पुन्हा २०१५-१६ मध्ये व २०१८-१९ मध्ये मराठवाड्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. दुष्काळात शेतकरी प्रथम काय विकतो हे पाहण्यासारखे आहे. दुभती गाय तो शेवटपर्यंत धरून ठेवतो; बैलजोडी पेरणीच्या आशेने ठेवतो. आधी जाते ती कालवड. आज काही देत नाही आणि खाते, हे तिचे पाप. त्या एका विक्रीची झळ चार वर्षांनी कळते, जेव्हा गावात पहिलारू गाई दिसेनाशा होतात. छावणीच्या नियोजनात गाभण व जातिवंत कालवडींना अग्रक्रम देण्याचा विचार म्हणूनच जिल्हा पातळीवर व्हावयास हवा.

नोंदवही

भारतातून गेलेली गीर व ओंगोल गुरे ब्राझीलमध्ये वाढली, आणि गीर गाईने तेथे मायदेशाहून कितीतरी अधिक दूध दिले, याचे कौतुक आपल्याकडे वारंवार केले जाते. तेथील हवा-पाण्यात काही जादू नव्हती. कोणती गाय कोणाची मुलगी, तिने कोणत्या वेतात किती दूध दिले, तिच्या मुलींनी किती दिले, याची लेखी नोंद पिढ्यान् पिढ्या ठेवली गेली आणि त्या नोंदीवरून वळू निवडले गेले. आपल्याकडे ही माहिती मालकाच्या स्मरणात असते व त्याच्याबरोबर जाते.

जनावरांच्या कानातील बारा अंकी बिल्ल्यामुळे आता प्रत्येक जनावरास स्वतंत्र ओळख मिळाली आहे. पण बिल्ला पिवळा आहे एवढेच सामान्यतः लक्षात राहते. त्याच्या पुढे माहिती भरली गेली तरच त्याचा उपयोग. गावपातळीवर एक साधी वही पुरते. बिल्ल्याचा क्रमांक, जात व प्रकार, पहिल्या वेताचे वय, प्रत्येक वेताची तारीख, कोणत्या वळूची वा मात्रेची गर्भधारणा, वासरू नर की मादी, आणि पंधरवड्यातून एकदा मोजलेले दोन वेळचे दूध. शिक्षकांनी मनावर घेतल्यास वरच्या वर्गांतील विद्यार्थी हे काम गणिताच्या तासाला जोडून करू शकतात. दोन वेतांतील अंतर काढणे, सरासरी काढणे यांसाठी घरच्या गाईहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. पाच वर्षांच्या अशा नोंदीवरून गावातील सर्वांत नियमित विणारी गाय कोणती हे निर्विवाद ठरते, आणि पुढचा वळू तिच्याच पोटचा निवडता येतो. दिसण्यावरून, रंगावरून वा शिंगांच्या डौलावरून केलेली निवड या निवडीपुढे फिकी पडते.

नोंदीस प्रारंभ करण्यासाठी श्रावणी पोळ्याचा दिवस सुचविला जातो, कारण त्या दिवशी गावातील जनावरे वेशीत येतात. मात्र तेथे येतात ते सजविलेले बैल. गाई व कालवडी त्या दिवशीही गोठ्यातच असतात. त्यांची नोंद घरोघर जाऊन, आणि शक्यतो धारा काढण्याच्या वेळी गोठ्यात असणाऱ्या घरातील स्त्रीस विचारून करावी. माज कधी आला, गाय कधी आटली, मागच्या खेपेस मात्रा कोणती दिली, हे बहुतेक घरांत तिलाच ठाऊक असते.